‘निस्ती काडी हालवते’ या प्रतिक्रियेला उत्तर

रामराम भाऊ,

झुबिन मेहता, म्हणजे ऑर्केस्ट्रातल्या सगळ्या वादकांना हातातल्या काडीनं एकत्र चालवणारे कंडक्टर, यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “हा माणूस सोता काहीच वाजवत नाही. लोकायकडं पाठ करून निस्ती काडी हालवते. वाजवणाऱ्यायच्या पुढ्यात कागद असतेच, मंग याचं काम काय? बापाच्या जोरावर विदेशात गेला, तिथंच राह्यला. इथं कापसाले भाव नाही अन् तुमाले हे सुचते. लिहाचंच असन त राष्ट्रसंत तुकडोजी महाराजायच्या खंजिरीवर लिहा.” लेख शेवटपर्यंत वाचून तुम्ही लिहिलंत हे दिसतं, म्हणून उत्तरही ऐसपैस देतो.

आधी कागदाचं. मोठ्या ऑर्केस्ट्रात नव्वद-शंभर वादक असतात आणि प्रत्येकापुढे फक्त त्याचा स्वतःचा भाग असतो. ट्रॉम्बोनवाला, म्हणजे मोठं पितळी वाद्य फुंकणारा, बराच वेळ नुसता मात्रा मोजत बसलेला असतो. तेव्हा व्हायोलिनवाले काय वाजवताहेत, हे त्याच्या कागदावर नसतं. सगळ्यांचे भाग एकाखाली एक लिहिलेला स्कोअर असतो तो कंडक्टरपुढे, आणि मेहता तर मोठमोठ्या रचना कित्येकदा तोही न ठेवता, तोंडपाठ चालवत आले. दुसरी अडचण अंतराची. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पंधरा मीटर मागच्या ढोलाचा ठोका ऐकून व्हायोलिनवाल्यानं गज ओढला, तर तो सेकंदाच्या विसाव्या-पंचविसाव्या हिश्श्यानं मागे पडतो. जलद लयीत तेवढ्यानंही वीण उसवते. म्हणून इथे कानासोबत डोळाही लागतो. उजव्या हातातली काडी मात्रा दाखवते, डावा हात कुणी शिरायचं आणि कुणी दबायचं ते सांगतो. पहिला सूर निघायच्या आधी काडी वर जाते, त्या उचलण्यातच लय किती आणि सूर कसा, हे ठरून गेलेलं असतं. आपल्या भजनात खंजिरीवाला एका थापेत लय चढवतो आणि सगळे टाळ त्याच्यामागे जातात. इथे ती थाप आवाज न करता द्यायची असते.

पण खरं काम कार्यक्रमाच्या आधी, तालमीत होतं. १९५४ मध्ये अठरा वर्षांचा झुबिन मुंबईहून व्हिएन्नाला गेला आणि हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे कंडक्टरचं काम शिकू लागला. डबल बेस, म्हणजे व्हायोलिनच्या जातीचं माणसाएवढं उंच वाद्य, तेही वाजवायचा, म्हणजे वादकांच्या रांगेत उभं राहणं त्याला ठाऊक होतं. थोर कंडक्टरांच्या तालमी बाहेरच्यांना बघता येत नसत. तेव्हा झुबिन आणि त्याचा सहाध्यायी क्लाउडियो अबाडो, दोघांनी तिथल्या गायकवृंदात नाव घातलं. कारायान, ब्रुनो वाल्टर यांचं काम समोरून दिसावं, यासाठी हा खटाटोप. भाऊ, तुम्हाला खटकलेली ती पाठ फक्त श्रोत्यांच्या वाट्याला येते. वादकांना चेहरा दिसतो, आणि चेहऱ्यावर काय असतं तेच शिकायला ही दोन पोरं कोरसमध्ये गात होती.

तुमच्या बाजूनं एक गोष्ट मीच सांगतो. कंडक्टरशिवाय ऑर्केस्ट्रा चालतो. मॉस्कोत १९२२ पासून दहा वर्षं असा एक मोठा ऑर्केस्ट्रा होता, न्यूयॉर्कचा ऑर्फियस १९७२ पासून तसाच वाजवतो. पण तिथे लय, जोर, कुणाचा आवाज वर राहायचा, हे सगळं वादक आपसांत चर्चा करून ठरवतात आणि त्याला तालमीचा वेळ फार लागतो. म्हणजे काम उरतंच, फक्त ते सगळ्यांत वाटलं जातं. आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्राला १९३३ पासून कायमचा कंडक्टर नाही. कुणाला बोलवायचं ते वादकच ठरवतात. त्यांनी नववर्षाच्या मैफलीसाठी मेहतांना पाच वेळा बोलावलं. नुसती काडी हलवणाऱ्याला असे वादक दुसऱ्यांदा उभं करतील का?

बापाचा जोर म्हणाल, तर होता. मेहली मेहता व्हायोलिनवादक, १९३५ मध्ये त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. घरात दिवसरात्र संगीत होतं, म्हणूनच तर पोरगा डॉक्टरकी अर्धवट सोडून निघाला. पण १९५८ ची लिव्हरपूलची स्पर्धा त्यानं स्वतः जिंकली. पुढे मॉन्ट्रिअल, लॉस एंजेलिस आणि १९७८ ते १९९१ न्यूयॉर्क इथले ऑर्केस्ट्रा सांभाळले, आणि इस्राएल फिलहार्मोनिकशी १९६९ पासून २०१९ पर्यंतचा संबंध. पन्नास वर्षं कुणाच्या वशिल्यावर निघत नाहीत.

तिथंच राह्यला, हेही अर्धंच खरं. हे शिकायला १९५४ च्या भारतात जागा कुठे होती? नागरिकत्व मात्र त्यांनी भारताचंच ठेवलं. वडिलांच्या नावाची संस्था मुंबईत मुलांना पाश्चात्त्य संगीत शिकवते. २०१३ मध्ये विरोध होत असतानाही त्यांनी श्रीनगरच्या शालिमार बागेत जर्मनीतल्या बव्हेरियाचा ऑर्केस्ट्रा आणून वाजवला. आणि मला सगळ्यात मोठं वाटतं ते १९९४ चं, बोस्नियातल्या युद्धाच्या काळातलं सारायेव्हो. शहराला वेढा पडलेला, राष्ट्रीय ग्रंथालय तोफांच्या माऱ्यात जळून नुसता सांगाडा उरलेला. त्या सांगाड्यात उभं राहून मेहतांनी तिथल्याच ऑर्केस्ट्राला आणि गायकवृंदाला घेऊन मोझार्टचं ‘रेक्विएम’, मृतांसाठीची प्रार्थना, सादर केली. माणूस स्वतः एकही सूर वाजवत नाही, हे त्या दिवशी तिथल्या कुणाला आठवलं असेल असं मला वाटत नाही.

खंजिरीवर लिहीनच, ती माझ्याही घरची आहे. पण राष्ट्रसंत १९५५ मध्ये जपानच्या विश्वधर्म परिषदेला गेले, तेव्हा खंजिरी घेऊनच गेले होते. तिथल्या लोकांनी, हे आमचं नाही, म्हणून कान झाकले नाहीत. कापसाच्या भावावर मी लिहितो, यापुढेही लिहीन. पण कापूस पिकवणाऱ्या घरात कापसाखेरीज दुसरं काही ऐकूच नये, हे मला अजिबात मान्य नाही. मोझार्टवर आपल्या गावाचाही हक्क आहे.

एक करा. व्हिएन्नाच्या २००७ च्या नववर्ष मैफलीचं चित्रण मोबाइलवर मिळालं, तर त्यातली शेवटची रचना बघा, योहान स्ट्राउस थोरला याचा ‘राडेट्स्की मार्च’. तिथल्या प्रथेप्रमाणे कंडक्टर लोकांकडे तोंड करतो आणि त्यांच्या टाळ्याच वाजवून घेतो: इथे हळू, इथे थांबा, आता जोरात. सध्या वेचणीचे दिवस आहेत, घाई नाही. बघून झालं की पुन्हा लिहा, पटलं नाही तरी लिहा.