खुलासा : झाडांना प्लॅस्टिक घट्ट गुंडाळू नका

‘वेण्णा लेकला दव गोठलं, कुंड्यांतली झाडं प्लॅस्टिकने घट्ट गुंडाळा, थंडी जाईपर्यंत सोडू नका,’ असा मेसेज फिरतोय. दव गोठतं हे खरं, महाबळेश्वरला बहुतेक हिवाळ्यांत गोठतं. उपाय मात्र चुकीचा आहे.

निरभ्र, वारा पडलेल्या रात्री पानं आपली उष्णता आकाशाकडे सोडतात आणि हवेपेक्षाही गार होतात. म्हणून थर्मामीटर ३-४ अंश दाखवत असतानाही पानावर बर्फ धरतो. जमिनीतून वर येणारी ऊब अडवणं हे आच्छादनाचं खरं काम. खोडाशी आवळून बांधलं की ती ऊब बाहेरच राहते. शिवाय प्लॅस्टिक जिथे पानाला चिकटतं तिथेच पान आधी काळं पडतं, आणि सकाळी ऊन आलं की आत वाफ कोंडते.

चार काठ्या रोवून त्यांवर गोणपाट किंवा जुनी सुती चादर, पार जमिनीला टेकेल अशी, संध्याकाळीच टाका. ऊन वर आलं की काढा. माती कोरडी नको; ओली माती दिवसाची ऊब जास्त धरते. थंडीच्या लाटेत कृषी सल्ल्यातही हलकं पाणी द्यायला सांगतात, ते त्यासाठीच. कुंड्या उचलता येत असतील तर भिंतीलगत छपराखाली ठेवा, निम्मं काम तिथेच होतं.

पुणे-मुंबईच्या बाल्कनीत यातलं बहुधा काहीच लागणार नाही. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.