६४१ काय आभाळातून पडला का?

काल कट्ट्यावर वाद झाला तो ४२९४९६७२९७ वरून, म्हणजे दोनाचा बत्तिसावा घात अधिक एक. सायन्सवाल्याचं म्हणणं, फर्मासारखा गणितज्ञ हिला मूळ संख्या समजत होता तर काहीतरी बघूनच ना, आणि ती ओळ बघितली तर कोणालाही तसंच वाटेल: ३, ५, १७, २५७, ६५५३७, दोनाच्या डोक्यावर १, २, ४, ८, १६ चढवत जायचं नि एक मिळवायचा, पाचच्या पाच मूळ! पुढची ३२ वाली हीच.

कोडिंगवाला म्हणे कसला वाद, मोबाईलवर ६४१ ने भाग, ६७००४१७ येतात, बाकी शून्य, विषय संपला.

संपला कसा? अरे ऑयलर नावाच्या गणितज्ञाने १७३२ मध्ये हे काढलं तेव्हा कुठला मोबाईल. हिचं वर्गमूळ ६५५३६ च्या किंचित वर, तिथपर्यंत साडेसहा हजार मूळ संख्या आहेत, सगळ्या लावत बसायचं का? नाही लागत, कारण ऑयलरनेच सिद्ध केलंय की हिला भागणारी मूळ संख्या ६४ च्या पटीपेक्षा एकनेच जास्त असणार. मग उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१... पाचवीलाच हाती लागते! मला हे फार म्हणजे फार आवडतं, आकडा स्वतःच सांगतो मला कुठे शोधा.

अकाउंट्सवाला म्हणाला, बरं, भागाकार न करता पटवून दाखव. दाखवलं. ६४१ म्हणजे ५ गुणिले १२८ अधिक १, म्हणजे ६४१ ने भागून बाकी बघायची तर ५ गुणिले दोनाचा सातवा घात हा उणे १ सारखाच. चौथा घात घे, उणे गेलं, ५ चा चौथा घात गुणिले दोनाचा अठ्ठाविसावा घात झाला १. आता ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६ पण, आणि ६२५ हा ५ चाच चौथा घात, तर त्याच्या जागी उणे १६ टाक, १६ म्हणजे दोनाचा चौथा, झाला उणे दोनाचा बत्तिसावा घात बरोबर १. म्हणजे दोनाच्या बत्तिसाव्या घातात एक मिळवला की बाकी शून्य. तो दोन मिनिटं कागदाकडे बघतच बसला.

कोडिंगवाल्याचा मुद्दा, हे ६४१ आधी माहीत असेल तरच चालतं. बरोबर आहे, शोधायला ६४ वाला नियमच लागतो. पण विभाजक सापडला की विषय संपला म्हणतोस ना, मग ३ ला शून्य नंबर देऊन मोजत गेलं की २० नंबरची घे, ती मूळ नाही हे पक्कं सिद्ध झालंय आणि तरी तिला भागणारा एकही आकडा कोणाला माहीत नाही, बोल आता.

यावर सायन्सवाला परत उसळला, मग पाचपासून पुढच्या सगळ्याच फुटतात असं धरू की. अरे ५ ते ३२ नंबर फुटतात एवढंच माहितीये, ३३ नंबरचीत अडीचशे कोटींहून जास्त अंक आहेत, तिचा निकाल लागलेला नाही, आणि पाच बघून सगळ्या मूळ म्हणणं चूक असेल तर अठ्ठावीस बघून सगळ्या भाज्य हेपण मी मानणार नाही. तो अजून अडून आहे.