बंदुकीचा धक्का आणि गोळीची ऊर्जा : त्या फॉरवर्डमधल्या चुका

पुण्यातल्या अकरावी-बारावीच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं असं : न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार गोळीला जितकी ऊर्जा मिळते तितकीच बंदूक चालवणाऱ्याच्या खांद्याला मिळते; म्हणूनच गोळी लागलेला माणूस मागे फेकला जातो; धक्का गोळी सुटल्यानंतर बसतो, त्यामुळे नेमावर परिणाम होत नाही; आणि आधुनिक तोफांमध्ये धक्का नाहीसाच केलेला असतो. यातलं एकही विधान टिकत नाही. पहिल्या चुकीवर बाकीचं बरंच काही उभं आहे, म्हणून तिला जास्त वेळ देतो.

तिसरा नियम बलाबद्दल बोलतो. गोळीवर पुढे जितकं बल, तितकंच बंदुकीवर मागे, आणि तेही तितकाच वेळ. बल गुणिले वेळ हा संवेगातला (वस्तुमान गुणिले वेग) बदल, म्हणून दोन्हीकडचा संवेग समान. ऊर्जेचा हिशेब मात्र बल गुणिले अंतर असा होतो, आणि अंतर दोघांचं सारखं नसतं. आकडे घालून बघा. 4 ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला 900 मीटर, रायफल 4 किलोची. गोळीचा संवेग 3.6 किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. तेवढ्याच संवेगासाठी रायफलला सेकंदाला 0.9 मीटर वेग पुरतो. आता गतिज ऊर्जा (वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याचं अर्धं) काढा : गोळीची 1620 ज्यूल, रायफलची 1.62 ज्यूल. गोळी नळीतून जवळपास अर्धा मीटर धावते तोवर रायफल जेमतेम अर्धा मिलिमीटर मागे सरकलेली असते! (जळालेल्या दारूच्या, नळीतून सुटणाऱ्या वायूचा संवेग धरला तर रायफलची ऊर्जा साधारण चार-पाच ज्यूलवर जाते. तरी ती 1620 च्या जवळपासही नाही.)

आता मागे फेकलं जाण्याबद्दल. ताशी 140 किलोमीटरने आलेल्या 160 ग्रॅमच्या क्रिकेट बॉलचा संवेग सहाच्या वर भरतो, म्हणजे आपल्या गोळीपेक्षा जास्त. तो छातीवर बसला तर बॅट्समन कळवळतो, पण उडून स्टंपवर पडत नाही. 70 किलोच्या माणसाच्या शरीरात ही गोळी थांबली, तर त्याला मिळणारा वेग सेकंदाला पाच सेंटिमीटर. माणूस कोसळतो तो जखमेमुळे. 1742 मध्ये इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्सने टांगलेल्या लाकडी ठोकळ्यावर गोळ्या झाडून त्यांचा वेग मोजण्याची पद्धत मांडली, तिचा आधारही संवेगच. ठोकळा 4 किलोचा असेल तर आपली गोळी त्याला फक्त चार सेंटिमीटर उचलेल. उरलेले सोळाशेहून जास्त ज्यूल लाकूड फाडण्यात आणि तापवण्यात जातात. शरीरात हाच मार मांस, हाडं आणि रक्तवाहिन्यांवर पडतो. ‘माणूस उडला नाही, म्हणजे फारसं लागलं नसेल’ असं कुणी समजू लागलं तर ते जिवावर बेतेल, आणि हा मेसेज खोडून काढावासा वाटला तो मुख्यतः यासाठी.

धक्का नंतर बसतो, या दाव्याची परीक्षा पुण्यातल्या बालेवाडीच्या नेमबाजी रेंजवर रोज होते. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकणारा स्वप्नील कुसाळे तिथेच सराव करायचा. या प्रकारात वापरतात ती .22 ची गोळी साधारण अडीच ग्रॅमची. तिला नळी पार करायला दोनेक मिलिसेकंद लागतात. गोळी हलली त्या क्षणापासून रायफलही मागे येऊ लागते. दस्ता खांद्यावर टेकतो ती जागा नळीच्या रेषेखाली असते, त्यामुळे नळीचं तोंड वर उचललं जायला लागतं. गोळी सुटल्यावर वायूचा झोत बाहेर पडतो तेव्हा उरलेला धक्का मिळतो, इतकंच खरं. म्हणून तर कोच फॉलो-थ्रूचा आग्रह धरतात : ट्रिगर दाबल्यावरही गाल, खांदा, नजर जिथल्या तिथे. पकड दर वेळी सारखी राहिली तर ती हालचालही दर वेळी सारखी होते, आणि साइट त्या हिशेबाने लावता येते.

राहिली तोफ. पुण्यात पाषाणला असलेल्या एआरडीई या डीआरडीओच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेने विकसित केलेल्या 155 मिलिमीटरच्या एटॅग्स तोफेची नळी गोळा सुटताना मागे सरकते आणि हायड्रॉलिक यंत्रणा तिला हळूहळू थांबवते. संवेग तेवढाच राहतो. तो जास्त वेळात वाटला गेल्याने तोफेच्या गाड्यावरचं बल कमी होतं. संवेग प्रत्यक्ष घटवायचा असेल तर नळीच्या तोंडाशी मझल ब्रेक लागतो. तो वायूला बाजूला आणि मागे वळवतो. गोळ्यामुळे आलेला वाटा मात्र तसाच राहतो.