‘डिस्क चांगली आहे’ म्हणून परत दिली, या तुमच्या तक्रारीबद्दल

नमस्कार,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंत ते थोडक्यात असं: मोठ्या फाइल कॉपी करताना एक्स्टर्नल हार्ड डिस्क लॅपटॉपवरून मधेच गायब व्हायची, म्हणून आमच्याकडे दिलीत. तीन दिवसांनी आम्ही ‘डिस्क चांगली आहे’ म्हणून परत केली. त्याच रात्री घरी पुन्हा तेच झालं. शेवटी मित्राने केबल बदलली आणि डिस्क चालू लागली; डाव्या बाजूच्या पोर्टवर मात्र ती अजून अधूनमधून तुटते. फॉरमॅट करून द्या म्हटलं, तेही आम्ही केलं नाही.

केबलबाबत तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि चूक आमची आहे. डिस्क घेताना सोबतची केबल आणि लॅपटॉप मागायला हवे होते. आम्ही नुसती डिस्क ठेवून घेतली. मग ती आमच्या केबलने, आमच्या डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टला लावली. पहिल्या सेक्टरपासून (डेटा साठवण्याच्या छोट्या कप्प्यापासून) शेवटच्यापर्यंत वाचून काढली, कुठेही अडली नाही. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते त्या स्मार्ट रीडिंगमध्ये रीअलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) आणि पेंडिंग (खराब असल्याचा संशय असलेले) सेक्टर दोन्ही शून्य होते. डिस्क खरोखरच चांगली होती, पण ती तुमच्या लॅपटॉपवर का तुटते याचं उत्तर त्यात नव्हतं. डिस्क निर्दोष निघाली की संशय उरतो तो केबलवर, पोर्टवर आणि मिळणाऱ्या विजेवर. खरा तपास तिथून सुरू व्हायचा होता आणि नेमके तिथेच आम्ही थांबलो.

तुमच्या डिस्कला ती रुंद, दोन भागांची पिन आहे. त्यातला मोठा भाग जुन्या यूएसबी २.० चा आणि शेजारचा छोटा भाग वाढीव वेगाच्या तारांचा. ही पिन थोडी सैल झाली किंवा केबल टोकाशी वाकून आतली तार कमजोर झाली, तरी डिस्कचा दिवा लागतो, फोल्डर उघडतात, छोट्या फाइल जातात. लिहिण्याचा ताण सलग वाढला की संपर्क तुटतो. कधी डिस्क तुटत नाही, पण कॉपीचा वेग सेकंदाला ३०-४० एमबीवर अडकून राहतो. म्हणजे ती यूएसबी २.० वरच चालली आहे. असा वेग दिसला, तर सर्वात आधी केबल बदलून पाहा.

फॉरमॅटबद्दल मात्र आमचं मत तेच आहे, आणि तुम्ही रागावलात तरी पुन्हा तेच करू. ‘डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा’ असा संदेश तुमच्या लॅपटॉपवर आला होता. लिहिणं चालू असताना जोडणी तुटली की फाइल सिस्टमची, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे याची, नोंद अर्धवट राहते आणि विंडोजला ती वाचता येत नाही, तेव्हा हा संदेश येतो. आतला डेटा बहुतेक वेळा जागेवरच असतो. फॉरमॅट केलं की मात्र डिस्क रिकामी होते, आणि या डिस्कवरच्या फोटोंची दुसरी प्रत कुठेही नाही, हे तुम्हीच सांगितलं होतं. फाइल सिस्टम दुरुस्त करणारी विंडोजची कमांड तपासणीच्या आधी चालवली नाही, तीही याच कारणाने: ती डिस्कवर लिहिते, आणि डिस्क खरंच मरणपंथाला लागली असेल तर उरलेलंही हातचं जातं. हे आम्ही तुम्हाला नीट समजावून सांगितलं नाही. ‘फॉरमॅट करणार नाही’ एवढंच ऐकून कुणालाही टाळाटाळ वाटेल.

डाव्या पोर्टचं आता. आधी चार्जर लावून आणि मग फक्त बॅटरीवर, अशी तीच मोठी फाइल कॉपी करून पाहा. यूएसबी २.० पोर्टने ५०० मिलीअँपिअर आणि ३.० ने ९०० मिलीअँपिअर द्यावेत असं ठरलेलं आहे. अडीच इंची डिस्क सगळी वीज त्या केबलमधूनच घेते आणि फिरायला लागताना सर्वात जास्त ओढते. बॅटरीवरच तुटत असेल तर पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी उपकरण झोपवणारी सोय) बंद करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूणही काढा. दोन्ही प्रकारे तुटली आणि पिन पोर्टमध्ये हलते असं जाणवलं, तर पोर्ट झिजला आहे. तोपर्यंत उजवाच वापरा. मधे यूएसबी हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा जोड) असेल तर तो काढा.

एक काम मात्र आजच करा. डिस्क तुटली त्या वेळी ज्या फाइल कॉपी होत होत्या, त्या उघडून शेवटपर्यंत पाहा. नाव आणि आकार बरोबर दिसूनही फाइल आतून अर्धी असू शकते, आणि मूळ फाइल लॅपटॉपवरून पुसली गेल्यावर ते कळून उपयोग नाही. फोटोंची दुसरी प्रतही आता, डिस्क नीट चालते आहे तोवर, दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा.

तपासणीचे घेतलेले पैसे आम्ही परत करत आहोत. यापुढे डिस्क घेताना केबल आणि लॅपटॉप सोबत मागायचे, असं पावतीच्या फॉर्मवरच छापून घेतलं आहे. जुनी केबल टाकून दिली नसेल तर लॅपटॉपबरोबर तीही घेऊन या. डावा पोर्ट तुमच्यासमोर तपासू.