पिल्लू खाली दिसलं तर आधी दोन पावलं मागे या

चार वर्षांपूर्वी मे महिन्यात माझ्या हातून बुलबुलाचं एक पिल्लू गेलं. लिहायला अजूनही जड जातं. पण सुट्ट्या लागल्या आहेत, मुलं दिवसभर अंगणात आहेत आणि पक्ष्यांची पिल्लंही याच दिवसांत घरट्याबाहेर पडतात, म्हणून लिहिते.

भाचा सुट्टीला आला होता, आठ वर्षांचा. ओंजळ धरून धावत आला. "आत्या, हे मधुमालतीखाली पडलं होतं!" अंगावर पिसं आलेली, शेपटीच्या जागी नुसतं खुंट, डोळे टक्क उघडे. आम्ही बुटाचं खोकं काढलं, कापूस अंथरला, दुधात पाव भिजवला, ड्रॉपरने पाणी पाजलं. समोरच्या तारेवर दोन बुलबुल सारखे ओरडत होते. भाचा म्हणाला, "ते रडताहेत." मलाही तसंच वाटलं. दिवेलागणीला पिल्लाने मान टाकली. पोरगा त्या रात्री जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका पक्षीनिरीक्षकांना फोन केला. त्यांनी शांतपणे सांगितलं, ते पिल्लू पडलंच नव्हतं. बुलबुलाची पिल्लं साधारण दोन आठवड्यांत घरटं सोडतात, तेव्हा त्यांना धड उडता येत नसतं. पुढचे काही दिवस ती झुडपांत, जमिनीवर उड्या मारत राहतात आणि आईबाप तिथे येऊन भरवतात. तारेवरचे दोघे रडत नव्हते, पिल्लाला हाका मारत होते. आम्ही ते त्यांच्या डोळ्यांदेखत उचलून घरात नेलं होतं. वर दूध पाजलं, जे पक्ष्यांना पचत नाही, आणि चोचीत ओतलेलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं, हेही तेव्हाच कळलं.

त्या पोराच्या मनात दयाच होती. माझ्याही. शिकायचं राहून गेलं होतं ते एवढंच की दया आली तरी हात आवरायचा असतो.

तेव्हापासून आमच्या कॉलनीतल्या मुलांबरोबर मी उन्हाळ्यात जे काही करते, त्याला समर कॅम्प म्हणता येणार नाही. फी नाही, टी-शर्ट नाही, प्रमाणपत्र नाही. सकाळी सात ते आठ, ऊन चढायच्या आत, एक घरटं बघायचं. रोज तेच.

पहिल्या वर्षी मधुमालतीपासून दहा पावलांवर कपडे वाळत घालायची दोरी बांधली. दोरीपलीकडे जायचं नाही, मोबाइल आत न्यायचा नाही, फांदी बाजूला सारून डोकवायचं नाही. सारखं डोकावलं तर कावळ्यालाही घरट्याचा पत्ता लागतो, हे सांगितल्यावर मुलांनीच एकमेकांना अडवायला सुरुवात केली. जुन्या वहीत नोंदी. पहिले दोन दिवस कंटाळा, चुळबुळ, "काकू, काहीच होत नाहीये." मग पिल्लं अंड्यातून बाहेर आली आणि एका तासात अकरा फेऱ्या मोजल्या गेल्या. अकरा वेळा चोचीत काहीतरी घेऊन येणं आणि घरट्यातली घाण चोचीत धरून लांब नेऊन टाकणं. सहावीतली एक मुलगी घरी जाऊन आईला म्हणाली, "तू पण दमत असशील ना गं." तिच्या आईनेच मला हे सांगितलं.

चौथ्या-पाचव्या दिवशी कोणीतरी विचारलं, चोचीत असतं तरी काय? नीट पाहिलं तर बऱ्याचदा अळी. आता माझ्या लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या झाडावर दर उन्हाळ्यात अळ्या पडतात आणि मी वर्षानुवर्षं त्यांच्यावर औषध मारत आले. त्या मुलीने वही मिटली आणि विचारलं, "काकू, तुमच्या औषधाची अळी पिल्लांनी खाल्ली तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पंप अडगळीत गेला तो गेलाच. मग त्याच अळ्या बघण्याचा नवा उद्योग सुरू झाला. लहान असताना त्या हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्या. डिवचलं की डोक्यामागून दोन लालसर शिंगं बाहेर काढतात आणि उग्र वास सोडतात. कोष फुटून फुलपाखरू बाहेर आलं, तेव्हा चुरगळलेले पंख ताठ होईपर्यंत सात मुलं न बोलता उभी होती. कोणीही बोट पुढे केलं नाही.

म्हणून उन्हाळी शिबिरांचे फोटो पाहिले की मला त्रास होतो. कुठल्याशा शिबिरात मुलांच्या गळ्यात साप घालतात, पाठीवर थाप मारतात आणि याला 'भीती घालवणं' म्हणतात. सापाला वाटणारी भीती कोण घालवणार? मुलाला त्यातून कळतं ते एवढंच की प्राणी आपल्या फोटोसाठी असतो. आणि हेच दिवस पोपटांची पिल्लं ढोलीतून काढून बाजारात आणायचे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पोपट पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे. लेकराच्या हट्टापायी पिंजरा घरी आणू नका.

जमलं तर मार्च-एप्रिलमध्ये एकदा मुलांना घेऊन वेळासला जा. मंडणगड तालुक्यातलं, नाना फडणवीसांचं गाव. २००२पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. एक मादी शंभराच्या आसपास अंडी घालून समुद्रात परत जाते, पुन्हा वळून बघत नाही. पूर्वी ती अंडी माणसं चोरायची, कुत्री-कोल्हे उकरून खायचे. आता कासवमित्र ती उचलून कुंपणाच्या आत वाळूत पुरतात आणि दीड-दोन महिने राखण करतात. पिल्लं नर होणार की मादी, हे त्या वाळूच्या उबेवर ठरतं!

पण मला सगळ्यात भावलं ते पिल्लं सोडतानाचं दृश्य. लाटांपासून थोडं अलीकडे, ओल्या वाळूवर ती ठेवतात आणि सगळी माणसं दोरीमागे. तळहातापेक्षा लहान जीव, चार वल्ही मारत निघतो. लाट येते, उलटा करून मागे फेकते. शेजारची एक छोटी कळवळून ओरडली, "बाबा, त्याला उचलून आत टाका ना!" कासवमित्र म्हणाले, "त्याला चालू दे. त्याला हा किनारा ओळखायचाय." ते तिसऱ्या लाटेत गेलं. ती मुलगी दोरी घट्ट धरून उभी होती, पण दोरीमागेच.

काजवे बघायला मेअखेर भंडारदऱ्याकडे जाणाऱ्यांनाही हेच सांगणं. तो उजेड म्हणजे नर-मादीचं एकमेकांना बोलावणं असतं. गाडीचे दिवे आणि टॉर्च चालू ठेवले की ते बोलावणं पुसलं जातं, आणि गवतात बसलेले काजवे पायाखाली येतात. मुलांना अंधारात हात धरून उभं करा. डोळे सरावायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, तेवढी लागू द्या.

घरच्या घरी काही करायचं असेल तर पाणी ठेवा. पसरट मातीचं भांडं, सावलीत, मांजराला दबा धरता येणार नाही अशा जागी, आणि त्यात एक खडबडीत दगड, म्हणजे मधमाश्या बुडणार नाहीत. रोज घासून पाणी बदला, नाहीतर डास होतील. हे काम पूर्ण मुलांवर सोपवा. विसरली तर तुम्ही गुपचूप भरू नका. कोरड्या भांड्यावर आलेला साळुंकीचा जोडा त्यांना एकदा बघू द्या.

आणि पिल्लू दिसलंच तर. पिसं आली असतील, उड्या मारत असेल, तर राहू द्या, फक्त मांजर-कुत्रं लांब ठेवा. रस्त्यात असेल तर जवळच्या झुडपात ठेवा आणि बाजूला व्हा. उघडंबोडकं असेल आणि घरटं दिसत असेल, तर हळूच परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हे लहानपणापासून ऐकलेलं खरं नाही. जखमी असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, काहीही न भरवता ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

यंदा बुलबुलाने मधुमालती सोडून फाटकाजवळच्या जास्वंदीत घरटं केलंय, अगदी गाडी लावायच्या जागेवर. मुलांनी मला न विचारता दोरी सोडवून तिकडे बांधली. तीन अंडी आहेत म्हणे, दुर्बिणीतून मोजली. यांची स्कूटर सध्या दोन घरं पुढे उभी असते. भाचा आता बारा वर्षांचा आहे. परवा फोनवर त्याचा पहिला प्रश्न होता, "आत्या, पिल्लं बाहेर पडायच्या आत मी पोचेन ना?"