'ज्याची जागा त्याचे नियम' म्हणणाऱ्या जुन्या वाचकांस

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या मेन स्ट्रीटवरच्या माझ्या मागच्या लेखाखाली 'एक जुना वाचक' अशा सहीने आलेली आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. एकदा सकाळी चहाबरोबर, एकदा लोकलमध्ये लटकत, आणि तिसऱ्यांदा रात्री बायकोला मोठ्याने वाचून दाखवली. ती म्हणाली, "चार ओळी लिही आणि झोप." चार ओळींत भागलं असतं तर मी आनंदाने झोपलो असतो.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. १९९९ मध्ये सॉल्ट लेक सिटीने मेन स्ट्रीटचा नॉर्थ टेंपल ते साउथ टेंपल हा तुकडा मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या चर्चला ८१ लाख डॉलरना विकला. चर्चचं मुख्य मंदिर एका बाजूला, कचेऱ्या दुसऱ्या बाजूला, मधून शहराचा रस्ता. चर्चने तिथे गाड्या बंद करून फुलझाडं लावली, पाण्याचा हौद केला, चौक देखणा केला. विकताना शहराने लोकांचा पायी जाण्यायेण्याचा हक्क खरेदीखतात राखून ठेवला, पण त्याला अटींचं शेपूट लावलं: घोळका करायचा नाही, निदर्शनं नाहीत, पत्रकं वाटायची नाहीत, भीक मागायची नाही, सिगरेट नाही, ऊन खात पडायचं नाही, आणि 'असभ्य' बोलणं, कपडे, वागणं काहीच नाही. हे सगळं लोकांना बंद, चर्चला मात्र खुलं. म्हणजे त्याच फरशीवर चर्चने आपली पुस्तिका हातात ठेवली तर चालेल, तुम्ही तुमची ठेवली तर नाही. यावर कोर्टकचेरी झाली, आणि शेवटी शहराने बदल्यात जागा घेऊन तो वाटेचा हक्कही चर्चला सोडून दिला. माझं म्हणणं एवढंच होतं की रस्ता विकायलाच नको होता, आणि विकला तर चालण्याबरोबर बोलण्याचा हक्कही राखायला हवा होता.

आता आपलं वाक्य. जसंच्या तसं देतो: "ज्याची जागा त्याचे नियम, एवढी साधी गोष्ट दोन वर्षं अमेरिकेत राहूनही तुम्हाला कळू नये याचं नवल वाटतं."

पहिली गोष्ट, दोन वर्षं नव्हे. दोन वर्षं सात महिने.

दुसरी गोष्ट, 'कळू नये'. एखाद्याला एखादी गोष्ट पटत नाही आणि एखाद्याला ती कळत नाही, यात मराठीत फरक आहे. आपण जुने वाचक आहात, तो आपल्याला ठाऊक असणारच. न पटणाऱ्याशी वाद घालता येतो. ज्याला कळत नाही त्याची फक्त कीव करायची. आणि वर 'नवल वाटतं'! आपल्याकडे शिवी द्यायची नसेल तेव्हा माणसं नवल वाटून घेतात. माझ्या एका मास्तरांना वर्षभर माझं नवल वाटत असे. मी गणितात नापास झालो तेव्हाच काय ते ओसरलं. असो. मुद्द्यावर येतो.

'ज्याची जागा त्याचे नियम' हे मला कळत नाही असं आपण म्हणता, तर माझ्या घरची एक गोष्ट सांगतो. आमच्या आजोबांच्या मळ्यात जायची वाट शेजारच्याच्या रानातून होती. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट. शेजाऱ्याने एका उन्हाळ्यात वाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या आणि म्हणाला, रान माझं आहे. रान त्याचंच होतं, सातबारा त्याचाच होता, याबद्दल आजोबांचंही दुमत नव्हतं. आजोबांनी मामलेदाराकडे अर्ज केला. त्यासाठी १९०६ चा मामलेदार कोर्टाचा कायदा आहे, आजही आहे, आणि आजही गावोगाव त्याच्या तारखा पडतात. खेटे घालून घालून वहाणा झिजल्या. शेवटी मामलेदार जागेवर आले, बांधावर उभे राहिले, चाकोऱ्या बघितल्या. चाकोऱ्या खोटं बोलत नाहीत. वाट खुली झाली.

काट्या निघाल्या त्या संध्याकाळी शेजारी ओट्यावर येऊन बसला. चहा घेतला. म्हणाला, "गाडी न्या तात्या. पण बैलांच्या गळ्यातली घुंगरं काढून न्या, माझ्या म्हशी बिचकतात." आजोबांनी कपबशी खाली ठेवली आणि म्हणाले, "वाट माझी असंल तर घुंगरं वाजतील, आणि घुंगरं वाजायची नसतील तर ती वाट तुझी."

(आत्या म्हणते, घुंगरांचा भाग तात्यांनी मागाहून घातला, तेव्हा आमच्याकडे माळाच नव्हत्या. आत्याशी मी वाद घालत नाही.)

तेव्हा, महोदय, मालकी एकाची आणि वाट दुसऱ्याची असू शकते, हे मला अमेरिकेत जाऊन शिकावं लागलं नाही. आणि वाट दिली पण आवाज दिला नाही, तर दिलं काय, हाही प्रश्न मला ओट्यावरच कळला होता. डेन्व्हरच्या दहाव्या सर्किटच्या अपील कोर्टाने ऑक्टोबर २००२ मध्ये वेगळं काय म्हटलं? रस्ता होता तेव्हाही लोक तिथून चालत होते, चौक झाल्यावरही चालतात, दोन्ही टोकांना तो शहराच्या फूटपाथांना जोडलेला आहे. अशी वाट राखून ठेवायची आणि कागदावर 'हे सार्वजनिक व्यासपीठ नाही', म्हणजे इथे लोकांना बोलायचा हक्क नाही, असं लिहून टाकायचं, हे चालणार नाही. कोर्टानेही चाकोऱ्याच बघितल्या म्हणायच्या. आणि दाव्यात पहिलं नाव कुणाचं होतं? 'फर्स्ट युनिटेरियन चर्च'चं. म्हणजे मी धर्मद्वेष्टा आहे असं जे आपण सुचवता, ते त्या चर्चलाही सुचवून बघा.

त्या शहराबद्दल एक गंमत जाता जाता. तिथले जुने रस्ते १३२ फूट रुंद आहेत. बैलांच्या जोड्या जुंपलेली गाडी मागेपुढे न करता वळावी म्हणून एवढे रुंद आखले, असं तिथे सांगतात. पहिल्या आठवड्यात ते ऐकलं तेव्हा मला तात्याच आठवले. ज्या मॉर्मनांनी एवढ्या मोकळ्या मनाने रस्ता आखला, त्यांच्याच वारसांनी तो विकत घेतला, यातली बोच मूळ लेखात मला नीट मांडता आली नव्हती. ती आता मांडली, ही आपलीच कृपा.

आपण विचारता, "उद्या तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये येऊन कुणी घोषणा दिल्या तर चालेल का?" नाही चालणार. कारण आमच्या सोसायटीचं पार्किंग आधी म्युनिसिपालिटीचा रस्ता नव्हतं. तो होता एका डेअरीचा गोठा. मेन स्ट्रीट हा मेन स्ट्रीट होता, नाव वाचा ना हो! विक्रीच्या वेळी शहराच्याच नियोजन मंडळाने अट सुचवली होती की सार्वजनिक बागेत जेवढी मुभा असते, तिच्याहून कमी मुभा इथे नसावी. शेवटच्या कागदात ती अट नव्हती. कुठे गळली? यावर आपल्या प्रतिक्रियेत एक अक्षर नाही. माझ्या अकलेवर मात्र अडीच ओळी आहेत.

'खाजगी' या शब्दाला आपण जो देव्हाऱ्यात बसवता, त्याबद्दल एक आठवण करून देतो. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव १९२४ मध्ये केला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तिथे पाणी प्यायले. मग सनातनी मंडळी कोर्टात गेली ती काय म्हणत? अस्पृश्यांनी पाणी पिऊ नये, एवढंच नाही. ती म्हणाली, हे तळं सार्वजनिक नव्हेच, हे चौधरी तळं, खाजगी आहे. म्हणजे, ज्याची जागा त्याचे नियम. ती मंडळी हरली, पण तो निकाल हायकोर्टातून पक्का व्हायला १९३७ साल उजाडलं. पत्रक वाटता न येणं आणि पाणी पिता न येणं एका पारड्यात घालण्याइतका मी निर्बुद्ध नाही, आपल्याला कितीही नवल वाटलं तरी. पण वाक्य तेच आहे, आणि हे वाक्य कोण, कुठे, कशासाठी उच्चारतं ते बघायची मला सवय आहे. आपल्याला नसेल.

एक चूक मात्र झाली, ती मोकळ्या मनाने कबूल करतो. शहराने वाटेचा हक्क सोडला ते साल मी २००२ लिहिलं होतं. ते २००३ हवं. महापौर रॉकी अँडरसन यांनी अदलाबदलीची कल्पना २००२ च्या डिसेंबरात मांडली आणि कागद पुढच्या वर्षी झाले, त्यातून माझा घोटाळा झाला. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवल्याबद्दल आभार, अगदी मनापासून. चूक दाखवताना उद्गारचिन्हं तीन कशाला लागतात हे कळलं नाही, पण आभार.

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही.

शहराला बदल्यात ग्लेनडेलमध्ये दोनेक एकर जागा मिळाली, गरीब वस्तीत लोकांसाठी केंद्र उभं राहिलं, आणि २००५ मध्ये त्याच अपील कोर्टाने हा व्यवहार वैध ठरवला, असं आपण लिहिता. बरोबर आहे. मी व्यवहार बेकायदा आहे असं कुठेच म्हटलेलं नाही. केंद्र चांगलं आहे. चांगल्या वस्तूची किंमत काय दिली हा प्रश्न त्याने मिटत नाही. हेच अँडरसन महापौर होण्याआधी नागरी हक्कांचे वकील म्हणून ओळखले जात आणि सुरुवातीला वाट सोडायला तयार नव्हते, हेही सोबत लिहिलं असतंत तर बरं झालं असतं.

लॉइड विरुद्ध टॅनर या १९७२ च्या खटल्याचा दाखला आपण दिलात. मॉलमध्ये पत्रकं वाटायचा हक्क नाही. तो मला माहीत आहे. आपण १९४६ चा मार्श विरुद्ध अलाबामा वाचा. अख्खं गाव जहाज बांधणाऱ्या कंपनीच्या मालकीचं, तिथल्या फूटपाथवर धर्मपत्रकं वाटणाऱ्या बाईला शिक्षा झाली, सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली. आपले दाखले आपल्यापाशी, माझे माझ्यापाशी. पुढे जाऊ.

"आपल्याकडच्या देवस्थानांच्या जमिनींवर लिहायची हिंमत आहे का?" यावर काय बोलणार! आमच्या गावच्या देवळाचा पार देवस्थानाचाच आहे. त्या पारावर बसून चार पिढ्यांनी सरकारला, सरपंचाला आणि क्वचित पुजाऱ्यालाही शिव्या घातल्या आहेत. खरेदीखत कुणी दाखवलं नाही. झालं लिहून.

राहिला नवऱ्यामुलींचा मुद्दा. निकालानंतर त्या चौकात प्रचारक येऊन मंदिरातून लग्न लावून बाहेर पडणाऱ्या जोडप्यांवर ओरडत, हे आपण सविस्तर लिहिलंय. 'कुठल्याशा बातमीत वाचलं' म्हणता. मी पाहिलंय. त्या हिवाळ्यात, साउथ टेंपलच्या स्टेशनावर ट्रॅमची वाट बघायच्या ऐवजी मी थोडा आत चालत गेलो होतो. फोटोवाला सगळ्यांना हौदापाशी उभं करत होता. नवरीच्या झग्याचा घोळ बर्फाच्या चिखलात लोळू नये म्हणून एक दहाबारा वर्षांची मुलगी तो दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी होती. दहा पावलांवर एक माणूस पाटी घेऊन त्यांच्या धर्माविषयी वाट्टेल ते ओरडत होता. नवरी फोटोसाठी हसत होती. त्या मुलीचे हात अडकलेले, कान झाकता येईनात, म्हणून तिने एक कान खांद्याला दाबून धरला होता.

वाईट होतं ते. पण त्यावर शहराला वेळेचे, अंतराचे, आवाजाचे नियम करता आले असते, कोर्टाने त्याला मनाई केली नव्हती. बोलणाऱ्याचा आवाज खाली आणणं वेगळं आणि अख्खी वाटच देऊन टाकणं वेगळं. पुढे २००९ च्या जुलैमध्ये दोन पुरुष तिथून हातात हात घालून घरी चालले होते. ते म्हणतात गालावर एक मुका घेतला, चर्च म्हणतं त्याहून बरंच काही केलं. रक्षकांनी अडवलं, बेड्या पडल्या, पोलिसांनी अतिक्रमणाचं चलान फाडलं. सरकारी वकिलाने नंतर ते पुढे चालवलं नाही. आधी पाटीवाला गेला, मग हे दोघे. नियम करणारा एकच असला की असभ्य कोण हेही तोच ठरवतो. त्या मुलीच्या खांद्याचं माझ्याजवळ उत्तर नाही, पण ते आपल्याजवळही नाही, आपल्याजवळ फक्त बातमी आहे.

शेवटी आपण लिहिता की असं लेखन चालू राहिलं तर आपण हा ब्लॉग वाचणं बंद कराल. आपली मर्जी. हेच आपण मागे इराणी हॉटेलांवरच्या लेखाखालीही लिहिलं होतंत, आणि त्याच्याही आधी एकदा. प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, उडवणारही नाही. जागा माझी असली तरी.

आणि हो, आपण तीन ठिकाणी 'साल्टलेक' लिहिलंय. ते कोलकात्यात आहे.