आज रोख, उद्या उधार

२१ ऑक्टोबर २०१९. आमचं गाव जावळीत, म्हणजे विधानसभेला मतदारसंघ सातारा. त्या दिवशी विधानसभेचं मतदान होतंच, सोबत लोकसभेची पोटनिवडणूकही होती. एका केंद्रात दोन मतदान. मी रात्रीच्या गाडीनं मुंबईहून गेलो होतो आणि रांगेत माझ्यापुढं आमचे आण्णा, थोरले चुलते, तेव्हा बाहत्तर वर्षांचे.

बाहेर आल्यावर आण्णांनी बोट पुढं केलं. एप्रिलच्या मतदानाची शाई सरकत सरकत नखाच्या टोकाला आली होती, नख कापलं की गेली असती. त्यावर आता नवी.

"पयली निघाली न्हाई तवर दुसरी," म्हणाले. "शाई वाळायची तरी वाट बघायची व्हती."

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: उदयनराजे मे महिन्यात राष्ट्रवादीच्या घड्याळावर खासदार झाले, सप्टेंबरात राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले आणि ऑक्टोबरात कमळ घेऊन परत मतं मागायला आले. मधल्या काळात साताऱ्यात ती पावसातली सभा झाली. उमेदवार निवडताना आपली चूक झाली, असं शरद पवार भर पावसात म्हणाले आणि मैदान डोक्यावर घेतलं गेलं. (टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो, मोबाईलवर. १९७८ साली वसंतदादांचं सरकार कुणी पाडलं आणि पुलोद, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचं सरकार, कुणी आणलं, हे त्या क्षणी कुणालाच आठवलं नाही. आण्णांना आठवलं होतं, पण ते म्हणाले, "आत्ता नगं, पोरं तापल्यात.") उदयनराजे सुमारे ८७ हजार मतांनी पडले. श्रीनिवास पाटील खासदार झाले.

इथवरची गोष्ट सगळे सांगतात. पुढची कमी सांगितली जाते.

त्याच दिवशी, त्याच केंद्रातल्या दुसऱ्या मशिनवर शिवेंद्रराजे उभे होते. त्याच राजघराण्यातले, तेही राष्ट्रवादीतून भाजपमध्ये आलेले. ते आरामात निवडून आले. आणि त्यांच्यासमोर राष्ट्रवादीचं घड्याळ घेऊन कोण होतं? दीपक पवार, जे २०१४ ला त्यांच्याच विरोधात भाजपकडून लढले होते. म्हणजे माणसं तीच, उपरणी तेवढी अदलाबदल केलेली. "पक्ष बदलणाऱ्याला मत देणार नाही" असा निर्धार करून गेलेल्या माणसानं तिथं नेमकं काय करायचं होतं?

म्हणून "जनता गद्दारांना धडा शिकवते" हे वाक्य कुणी टाकलं की मी लाईक न करता पुढं जातो. धडा शिकवते कधी कधी. कधी कधी हार घालते. उदयनराजे २०२४ ला कमळावरच निवडून आले, त्याच जिल्ह्यातून. आमच्याच.

मला विचाराल तर लोकांचा राग पक्ष बदलण्यावर फारसा नसतोच. आम्हीही बदलतो की. आण्णा शेकाप, काँग्रेस, राष्ट्रवादी असा प्रवास करून आलेत आणि त्याची त्यांना काडीची लाज नाही. राग येतो तो आपलं मत न विचारता उचलून नेल्याचा. बैल विकायचा तर विका, पण माझ्या गोठ्यातला माझ्या देखत तरी सोडा.

आणि इथं उदयनराजेंना एक गुण द्यायलाच हवा, भले त्यांना मत दिलं नसेल. त्यांनी राजीनामा दिला. परत दारात आले. आम्ही नाही म्हणालो, ते त्यांनी ऐकून घेतलं. नारायण राणेंनीही २००५ मध्ये शिवसेना सोडल्यावर आमदारकी सोडली, मालवणची पोटनिवडणूक काँग्रेसकडून लढले आणि जिंकले. गोव्यात विश्वजित राणेंनी २०१७ ला तेच केलं, वाळपईनं त्यांना परत पाठवलं. या माणसांबद्दल तुमचं मत काहीही असो, व्यवहार उघड होता. माल परत आणला, पुन्हा भाव केला.

बाकीच्यांना ही तसदी घ्यावी लागत नाही, कारण कायद्यानंच सोय करून ठेवली आहे. १९६७ साली हरयाणाच्या गयालाल यांनी पक्ष बदलण्याचा असा सपाटा लावला की 'आयाराम गयाराम' हा शब्दच रूढ झाला. पुढं १९८५ ला पक्षांतरबंदी आली. तिच्यात एक तृतीयांश आमदार घेऊन फुटलात तर माफ अशी सवलत होती, ती २००३ ला काढली. दोन तृतीयांश जण दुसऱ्या पक्षात 'विलीन' झाले तर माफ, ही मात्र तशीच राहिली. एकटा गेला तर आमदारकी जाते, टोळीनं गेले तर विलीनीकरण. गोव्यात २०१९ ला काँग्रेसचे पंधरापैकी दहा आमदार भाजपमध्ये गेले. पंधराचे दोन तृतीयांश बरोबर दहा. एकाचं जरी पोट दुखलं असतं तरी नऊ जण अडकले असते, पण अशा दिवशी सगळ्यांची तब्येत ठणठणीत असते.

लोकांनी लक्षात ठेवलं. २०२२ ला त्या दहांपैकी तिघेच परत निवडून आले. काँग्रेसनंही धसका घेतला होता. त्या निवडणुकीआधी उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीपुढं, बांबोळीच्या क्रुसापुढं आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन शपथ घ्यायला लावली: पक्ष सोडणार नाही. अकरा निवडून आले. सप्टेंबरात त्यातले आठ भाजपमध्ये. अकराचे दोन तृतीयांश सातच्या किंचित वर भरतात, म्हणून आठ. शपथेचं काय, असं त्या आठांतल्या दिगंबर कामतांना विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की आपण पुन्हा देवाला विचारलं आणि देवानं परवानगी दिली. इतक्या प्रामाणिक उत्तरापुढं काय बोलणार! मतदार सोडून सगळ्यांना विचारून झालं होतं.

आपल्याकडं २०२२ ला त्याहून पुढची पायरी गाठली गेली. सुरत, गुवाहाटी, झाडी, डोंगार, हाटील सगळ्यांना पाठ आहे, ते सोडा. एकनाथ शिंदेंबरोबर शिवसेनेतून फुटलेल्या आमदारांपैकी 'आम्ही गेलो' असं कुणी म्हटलंच नाही. म्हणणं असं होतं की आम्ही जागेवरच आहोत, पक्षच आमचा आहे. जून २०२२ मधली घटना, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मे २०२३ ला, अपात्रतेचा निर्णय परत विधानसभा अध्यक्षांकडं, त्यांचा निकाल जानेवारी २०२४ ला. कुणीच अपात्र नाही, या बाजूचे नाहीत आणि त्या बाजूचेही नाहीत. तोवर राष्ट्रवादीचंही तेच होऊन गेलं होतं. पाच वर्षांच्या मुदतीतली दीड वर्षं 'हे आमदार आहेत की नाहीत' यातच गेली आणि मतदाराला या सगळ्यात कुठंही, एकदाही, कुणी काही विचारलं नाही.

मग २०२४ आलं. जूनमध्ये महायुतीला ४८ पैकी १७ जागा, तेव्हा सगळीकडं 'धडा शिकवला'च्या पोस्टी. नोव्हेंबरात त्याच महायुतीच्या तीन पक्षांना मिळून २३० जागा. पाच महिन्यांत महाराष्ट्राचं मन फिरलं म्हणावं का? निकालाला कारणं पुष्कळ असतात, पण मला आमच्या वहिनीचं वाक्य सोडत नाही. लाडक्या बहिणीचे पैसे बँकेत जमा झाल्याचा मेसेज दाखवत ती म्हणाली होती, "ह्यांच्यातलं कोन कुटं जाईल ते ह्यांचं ह्यांनाच ठावं. दीड हजार आलं तेवढं खरं."

आमच्या गावच्या किराणा दुकानात गल्ल्यामागं पाटी आहे: आज रोख, उद्या उधार. गिऱ्हाईक बुडवं निघालं की दुकानदार भांडत बसत नाही, फक्त उधारी बंद करतो. वहिनीनं तेच केलं होतं. पाच वर्षांनी काय कराल ते राहू दे, आज हातात काय देता? लोक पैसे घेऊन मतं देतात म्हणून नाकं मुरडणारे शहरातले माझे मित्र आहेत, त्यांना माझं एवढंच म्हणणं आहे की आधी उधारी कुणी बुडवली ते बघा.

बाकी पक्षप्रवेशाचा कार्यक्रम कधी नीट बघितलाय का? कारण दोनच: 'विकासासाठी' किंवा 'कार्यकर्त्यांच्या आग्रहाखातर'. हा आग्रह धरणारा कार्यकर्ता मला आजवर भेटलेला नाही. भेटलेत ते सगळे बातमी टीव्हीवर बघून कळलेले.

त्यातला एक माझा चुलतभाऊ, आण्णांचा धाकटा. फेब्रुवारी २०१७ च्या झेडपीच्या निवडणुकीत मतदान केंद्राबाहेर दोन गटांची जुंपली. ढकलाढकलीत एक हवालदार पडला. दोन्हीकडच्या चार-चार पोरांवर गुन्हा, सरकारी कामात अडथळा, कलम ३५३. आपसात मिटवायची सोय नाही, फिर्याद पोलिसांची. पहिली दोन वर्षं नेत्यानं वकील दिला. मग नेता पलीकडच्या पक्षात गेला, जिथं पलीकडच्या पोरांचा नेता आधीच होता. आता दोघे एका फ्लेक्सवर असतात. वकिलाचं विचारायला फोन केला की "बघतो" म्हणतात.

भाऊ दूध डेअरीवर कामाला आहे. तारीख असली की खाडा. तालुक्याला जायला सकाळची एसटी चुकली तर दुसरी दुपारी, तोवर पुकारा होऊन गेलेला. म्हणून आता तो पलीकडच्या गटातल्या एका आरोपीच्या मोटरसायकलवर जातो, ज्याच्या हातून त्या दिवशी ह्याच्या डोक्याला तीन टाके पडले होते. पेट्रोल निम्मं-निम्मं. येताना मिसळ खातात, बिल आळीपाळीनं. मागच्या तारखेला गाडी पंक्चर झाली, तेव्हा दोघांनी मिळून चार किलोमीटर ढकलत आणली म्हणे.